ताप नाही म्हणजे काही नाही, असं नसतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



सेक्रेटरींनी मला गेल्या महिन्यात जिन्यात गाठलं. म्हणाले, "काका, मेळाव्यात आरोग्यावर तुम्ही बोलायचं." मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही. मी लॅब टेक्निशियन. छत्तीस वर्षं लोकांच्या दंडात सुया टोचल्या आणि त्यांचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघितलं, एवढंच. तर ते म्हणाले, "मग रक्तावर बोला." तेव्हा आज रक्तावरच बोलतो. कुठं चुकलो तर सभेत डॉक्टर मंडळी बसलेली आहेत, त्यांनी कान धरावा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या तेव्हा आपण बहुतेक जण चाळिशीत होतो. कुणी रेल्वेत, कुणी एसआरपीत, कुणी शाळेत, कुणी कुरकुंभच्या एमआयडीसीत. टँकर आला की चौथ्या मजल्यापर्यंत दोन-दोन हंडे घेऊन आपण धावत जायचो. आज त्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवलीय, आणि लिफ्टचा विषय प्रत्येक एजीएमला निघतो. इमारतीचं वय झालं म्हणून आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. बाहेरून रंग चांगला होता, पण कॉलमला ठोकून बघितल्यावर खरं काय ते कळलं. आपल्या रक्तातल्या पेशींचंही तसंच आहे. वय झालं की त्या जंतूंच्या विषाशी वेगळं वागायला लागतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण कळलं ते माझ्या घरात, आणि उशिरा कळलं. ती गोष्ट आधी सांगतो.

माझी आई आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सकाळी खाली येऊन तुळशीला पाणी घालायची आणि दुधाच्या पिशव्या कुणाच्या राहिल्यात ते वॉचमनला सांगायची. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती ब्याऐंशी वर्षांची होती. एका सोमवारी ती खाली गेली नाही. चहात साखर घातली, परत घातली. दुपारी मला वडिलांच्या नावानं हाक मारली. वडील जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आईंचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरांना दाखवू या का?"

मी थर्मामीटर लावला. ९८.८. म्हटलं, ताप नाही. तरी समाधानासाठी रक्त काढलं आणि संध्याकाळी मी जिथं पार्टटाइम जात होतो त्या लॅबमध्ये नेऊन मशीनवर लावलं. टोटल काउंट ८,२००. एकदम नॉर्मल. एक स्लाइड करून ठेवली, सवयीनं, पण बघितली नाही. घरी येऊन सांगितलं, "काही नाही, वयामुळे होतं असं. दोन दिवस जरा विश्रांती घेऊ दे."

मंगळवारी रात्री तिला धाप लागली. हातपाय गार. पुण्याला हलवलं. तिथं कळलं की बीपी खाली गेलंय, लघवीत जंतूंचा संसर्ग आहे आणि तो रक्तात पसरलाय. सेप्सिस. बुधवारी दुपारी मी लॅबमध्ये आलो आणि ती सोमवारची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. पहिल्याच फील्डमध्ये दिसलं. न्यूट्रोफिल पेशींमध्ये गडद जांभळे, जाडे कण. त्याला आम्ही टॉक्सिक ग्रॅन्युल्स म्हणतो. शेजारी अर्धवट वाढलेल्या पेशी. हाडांच्या मगजानं घाईघाईत, तयार व्हायच्या आधीच त्यांना बाहेर काढलं होतं. मशीननं पेशी मोजल्या होत्या. त्या पेशी काय सांगताहेत ते बघायचं काम माझं होतं. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या स्लाइड बघितल्या आणि आईची स्लाइड रॅकमध्ये तशीच ठेवली.

आता हे असं का होतं, ते सांगतो.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या जंतू खातात, हे पहिल्यांदा बघितलं ते मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं, १८८२ साली, सिसिलीमधल्या मेसिना गावात. समुद्रातल्या तारामाशाची पारदर्शक अळी घेतली, तिच्या अंगात काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. त्याला १९०८ साली नोबेल मिळालं. हा माणूस आपल्यापासून फार लांबचा नाही बरं का. त्याचा ओडेसाचा विद्यार्थी म्हणजे हाफकिन, ज्यानं १८९६च्या प्लेगात मुंबईला येऊन लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

आता जंतूंच्या विषाचं बघू. विषं ढोबळपणे दोन प्रकारची. एक, जंतू स्वतः तयार करून बाहेर सोडतो ते. धनुर्वाताचं विष असं असतं, घटसर्पाचं असतं. दुसरं विष बाहेर सोडलेलं नसतं, ते जंतूच्या अंगाचाच भाग असतं. आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. त्याच्या बाहेरच्या आवरणात या विषाचे लाखो रेणू असतात. जंतू मेला, फुटला, की ते सुटतात. कॉखच्या बर्लिनच्या संस्थेत फायफर यानं १८९२ साली दाखवलं की पटकीचे जंतू उष्णतेनं मारून टाकले तरी ते गिनीपिगला मारू शकतात. या विषाला त्यानं नाव दिलं एंडोटॉक्सिन. कुरकुंभच्या औषध कारखान्यात काम केलेल्यांना हा शब्द नवा नाही. इंजेक्शनचं औषध बाहेर पडण्याआधी त्यात एंडोटॉक्सिन नाही ना, याची टेस्ट होते. औषध निर्जंतुक असून भागत नाही, मेलेल्या जंतूंचे तुकडेसुद्धा चालत नाहीत.

गंमत अशी की, एंडोटॉक्सिन स्वतः पेशींना फारसं जाळत नाही. ते वॉचमनला जागं करतं. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक कुलूप असतं, टीएलआर-४ नावाचं. एंडोटॉक्सिनची किल्ली त्यात बसली की पेशी शिट्टी फुंकते. म्हणजे रक्तात रासायनिक निरोप सोडते. ते निरोप मेंदूपर्यंत गेले की ताप येतो, मगजापर्यंत गेले की नवीन पेशी बाहेर पडतात, रक्तवाहिन्यांपर्यंत गेले की त्या सैल होतात आणि पेशी जखमेकडे उतरतात. म्हणजे ताप जंतू आणत नाही. ताप आपला वॉचमन आणतो.

या कुलपाचा शोध १९९८ साली अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि २०११ साली त्यांना नोबेल मिळालं. तो लागला एका जातीच्या उंदरांमुळे. त्या उंदरांना एंडोटॉक्सिन दिलं तरी काहीच होत नव्हतं. मग आपल्याला वाटेल, वा, नशीबवान उंदीर! पण त्याच उंदरांत जिवंत जंतू सोडले की ते साध्या उंदरांपेक्षा पटापट मरत. कारण त्यांचं कुलूपच बिघडलेलं होतं. शिट्टी वाजलीच नाही, म्हणून चोर आत येऊन बसला. शिट्टीचा त्रास होतो खरा, पण ती वाजायला हवी.

आता म्हातारपणाकडे येऊ. वय वाढलं की या वॉचमनचं काय होतं? आपण म्हणतो, "प्रतिकारशक्ती कमी होते." हे अर्धंच खरं आहे. पूर्ण खरं जरा विचित्र आहे. एकाच वेळी तीन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट, ओळख पटायला उशीर होतो. अनेक पेशींवरची ही कुलपं कमी होतात किंवा किल्ली बसल्यावर आतला निरोप मंद जातो. आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंच्या मागे पहिल्यांदा धावणाऱ्या पेशी, रस्ता चुकायला लागतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१४ साली हे मोजून दाखवलं. त्यांनी तरुणांच्या आणि वृद्धांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी बघितल्या. धावण्याचा वेग सारखाच निघाला. फरक दिशेत होता. म्हातारी पेशी तेवढ्याच जोरात धावते, पण नागमोडी. आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर गाडीचा वेग बरोबर आहे, पण दौंडला सांधा चुकला आणि मनमाडऐवजी सोलापूरच्या लाइनला लागली. नुसतं उशिरा पोचणं एवढंच नाही, वाटेत ती आपल्याजवळची जंतू फोडायची रसायनं चांगल्या मांसावर सांडत जाते.

दुसरी गोष्ट उलटी आहे. वॉचमन झोपलेला नसतो, तो दिवसभर पुटपुटत असतो. वृद्धांच्या रक्तात काहीही आजार नसताना ही शिट्टीची रसायनं थोडी थोडी वाढलेली सापडतात. इटलीच्या फ्रान्चेस्की यांनी २००० साली याला नाव दिलं, 'इन्फ्लमेजिंग'. आपण त्याला म्हातारपणाची धुमसणारी आग म्हणू. ही कुठून येते? हिरड्या सुजलेल्या असतात, पोटाची चरबी असते, मरायच्या पण न मेलेल्या जुन्या पेशी असतात, आणि आतडंही असतं. वय झालं की आतड्याची भिंत थोडी झिरपायला लागते आणि आतल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात येतात. कॅनडात २०१७ साली उंदरांवर प्रयोग झाला. जन्मापासून एकही जंतू न शिवलेले उंदीर म्हातारे केले, तर त्यांच्यात ही धुमस आढळली नाही. गंमत बघा, मेचनिकॉफनं शंभर वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं. म्हातारपण आतड्यातल्या जंतूंच्या विषामुळे येतं, असं त्याचं मत होतं आणि तो लोकांना आंबट दूध प्यायला सांगायचा. सगळं म्हातारपण त्यामुळे येत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण म्हातारा साफ चुकलेला नव्हता. आणि आपल्याकडे ताकाला काही कमी नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. एकदा शिट्टी जोरात वाजली की ती लवकर बंद होत नाही. कोपनहेगनमध्ये निरोगी तरुण आणि साठीच्या पुढचे निरोगी स्वयंसेवक यांना एंडोटॉक्सिनचा अगदी छोटा, सुरक्षित डोस शिरेतून दिला. २००१ साली तो अभ्यास छापून आला. दोघांनाही ताप आला. पण वृद्धांचा ताप उतरायला जास्त वेळ लागला. आणि उंदरांत तर हे फार पूर्वीपासून दिसलेलं आहे की, म्हाताऱ्या उंदराला मारायला तरुण उंदरापेक्षा कितीतरी कमी विष पुरतं. म्हणजे उशिरा जागा होणारा वॉचमन एकदा जागा झाला की सगळ्या सोसायटीचे दिवे लावतो, पाणी सोडतो, गच्चीपर्यंत धावतो, आणि चोर पकडला तरी थांबत नाही. सेप्सिसमध्ये माणूस बऱ्याचदा जंतूंमुळे जातो त्यापेक्षा या गोंधळामुळे जातो. रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी पडतं, मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही, मेंदूला पोचत नाही.

आता कुणी विचारेल, कोपनहेगनच्या लोकांना ताप आला, मग तुमच्या आईला का नाही आला? प्रश्न बरोबर आहे. ते लोक धडधाकट होते, पासष्टीच्या आसपासचे. ऐंशी ओलांडलेल्या, अंगानं खंगलेल्या माणसाचं रोजचं तापमानच कमी असतं. थंडी वाजून अंग तापवायला स्नायू लागतात, ते झिजलेले असतात. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून उष्णता धरून ठेवणंही जमत नाही. म्हणून गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी पुष्कळांना, साधारण पाचातल्या एकाला किंवा त्याहूनही जास्तांना, म्हणावा असा ताप नसतो. पेशींचा काउंटही वाढेलच असं नाही, कारण मगजातला राखीव साठा कमी असतो.

आणि माझ्या आईचं तर याहून वाईट झालं. ती बरी झाल्यावर मी रोज सकाळी तिचं तापमान घ्यायला लागलो. नेहमीचं किती निघालं? ९६.६. म्हणजे त्या सोमवारी ९८.८ हा तिच्यासाठी ताप होता. दोन अंशांहून जास्त चढला होता. वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर हेच सांगतात, की नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइटनं वाढलं की तो ताप समजा, आकडा शंभरच्या खाली असला तरी. मी मात्र सगळ्या जगाच्या ९८.६ शी तुलना केली. तिच्या स्वतःच्या आकड्याशी केली नाही, कारण तो आकडा मला माहीतच नव्हता.

घाबरवायला हे सांगत नाही. आपल्या हातात काय आहे, ते आता सांगतो.

पहिलं, आजच्या आज प्रत्येक घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाचं बरं असतानाचं तापमान, बीपी, नाडी आणि एका मिनिटात किती श्वास घेतो ते चार-पाच दिवस लिहून काढा. कागद फ्रिजवर चिकटवा. तुमच्या नेहमीशी तुलना करायला तुमचं नेहमीचं माहीत पाहिजे.

दुसरं, तापाची वाट बघू नका. वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदलला, म्हणजे गोंधळायला लागला, झोपाळू झाला, जेवण सोडलं, पडला, लघवी कमी झाली, तर आधी संसर्ग शोधा. श्वास मिनिटाला बावीस किंवा जास्त, वरचं बीपी शंभर किंवा खाली, आणि बोलण्यात गोंधळ, या तिन्हींपैकी दोन दिसले तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका. हळूहळू वर्षानुवर्षांत येणारा विसरभोळेपणा वेगळा. मी अचानक झालेल्या बदलाबद्दल बोलतोय.

तिसरं, मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक आणू नका. वृद्धांच्या लघवीत कधी कधी जंतू नुसतेच सापडतात, त्रास काही नसतो, तेव्हा औषध लागतही नाही. आणि खरंच संसर्ग असेल तर कल्चरला रक्त-लघवी आधी द्यायला पाहिजे. दोन गोळ्या आधीच गेल्या की कल्चरमध्ये काही उगवत नाही, मग डॉक्टर अंधारात चाचपडतात. हे मी टेक्निशियन म्हणून हात जोडून सांगतो.

चौथं, धनुर्वात. याचं विष वेगळ्या जातीचं. ते इतकं जहाल की माणूस आजारी पडतो तेवढं विष पेशींना त्याची ओळख करून द्यायलाही पुरत नाही. म्हणून धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस द्यावीच लागते. आपल्या पिढीचा घोटाळा असा की, लहान मुलांच्या लसीकरणाचा सरकारी कार्यक्रम आपल्या देशात १९७८ मध्ये आला. आपण तेव्हा मोठे झालो होतो. बायकांना निदान बाळंतपणात टीटी मिळाली. पुरुषांना कुठं खिळा लागला, विळा लागला, तेव्हा मिळाली असेल तर मिळाली. गावाकडं ऊस अजून आपल्यापैकी पुष्कळांचा आहे, शनिवारी-रविवारी आपण बांधावर जातोच. वयाबरोबर या विषाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तातून उतरत जातात. पण बूस्टर दिला तर बहुतेकांत ती परत चढतात. आता टीटीऐवजी टीडी येते, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी घ्यावी. डेमूनं पुण्याला जाताना हडपसर स्टेशन लागतं ना, त्या भागातच सीरम इन्स्टिट्यूट आहे. १९६६ साली ती सुरू झाली ती घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वाताचं प्रतिविष बनवायला. ज्या विषावर औषध आपल्या दारात बनलं, त्यानं आपल्यातलं कुणी जाऊ नये.

फ्लूची आणि न्यूमोनियाची लसही डॉक्टरांना विचारून घ्या. न्यूमोनियाच्या जंतूचंही विष आहे, फुप्फुसातल्या पेशींना भोकं पाडणारं. तरुणपणी छातीत थायमस नावाची एक ग्रंथी नव्या सैनिक-पेशी शिकवून तयार करते. ती वयात आल्यापासूनच आकसायला लागते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबी उरते. म्हणून नवा शत्रू ओळखणारे शिपाई आपल्याकडे कमी. लस म्हणजे त्यांना आधीच फोटो दाखवून ठेवणं.

पाचवं, चाला. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाचे, आयुष्यभर सायकल चालवणारे १२५ लोक तपासले. २०१८ साली तो अभ्यास आला. त्यांच्या रक्तात नव्या टी-पेशींचं प्रमाण बैठ्या म्हाताऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं, तरुणांच्या जवळ जाणारं. आपल्याकडे सायकल नको, पण भीमेच्या बाजूला सकाळचा फेरा मारा. दात साफ ठेवा, साखर आटोक्यात ठेवा, पाणी प्या. लघवीला उठायला लागतं म्हणून पाणी बंद करणाऱ्या माउल्या इथं बसल्या आहेत, मला माहीत आहे. ते करू नका.

आणि सहावं, विचारा. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. २००२ पासून ते आजूबाजूच्या बावीस गावांतल्या माणसांची आरोग्याची नोंद ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वाच्या अभ्यासातही ती गावं होती, पन्नाशीच्या पुढच्या लोकांना घरोघर जाऊन विचारलं. त्यात बायकांनी स्वतःची तब्येत पुरुषांपेक्षा वाईट सांगितली. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. मला वाटतं, कुणीतरी दारात येऊन विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. माझ्या आईनं त्या सोमवारी जळजळ होत असल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. नंतर म्हणाली, "तुला काय सांगायचं ते, पुरुषमाणसाला."

आई अकरा दिवसांनी घरी आली. पुढे तीन वर्षं जगली. पण तुम्ही तिला नंतर खाली तुळशीजवळ बघितलं नसेल. सेप्सिसमधून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांची बुद्धी आणि चालणं पुष्कळदा पहिल्यासारखं होत नाही. तिचंही झालं नाही. नातवंडांची नावं कधी आठवायची, कधी नाही. मला मात्र शेवटपर्यंत ओळखत होती. एक दिवस आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. मला एवढंच माहीत आहे की तो एक दिवस माझ्या हातात होता, स्लाइडच्या रूपात, आणि मी तो रॅकमध्ये ठेवला.

आपल्या नोटीस बोर्डवर सगळ्यांच्या रक्तगटांची यादी लावलेली आहे. चांगली गोष्ट आहे. माझी कमिटीला सूचना आहे की, रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं प्रत्येक विंगमध्ये एक थर्मामीटर, एक बीपीचं मशीन आणि दोन तरुण स्वयंसेवक ठेवावेत. महिन्यातून एका रविवारी साठीच्या वरच्या प्रत्येकाच्या दारावर थाप मारायची, आकडे लिहायचे आणि विचारायचं, "काकू, पाणी पिता ना? आजोबा, जेवण जातं ना?" सुई टोचायची वेळ आली तर मी आहे. हात अजून थरथरत नाहीत. आणि स्लाइड मी स्वतः बघीन, मशीन काहीही म्हणो.

 चहा निवत असेल, तो घ्या. साखर बेतानं.